वरुणाचा पाडवा

हळर्णच्या किल्ल्यात तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ऊन कललेलं आहे. तारीख ५ मे २०२६. जांभ्याचे चिरे दिवसभर तापलेत. तटावर तळहात टेकलात तर चटका बसत नाही. शेवटची भाकरी काढून घेतल्यावर तव्यात उरते तेवढी ऊब लागते. खाली शापोरा नदी, पलीकडे झाडी, आणि झुळकेबरोबर येणारा काजूच्या बोंडांचा आंबूस वास. मोसम सरत आलाय, काजूच्या दारूच्या, हुर्राकाच्या, शेवटच्या बाटल्या भरल्या जातायत. पेडणे तालुक्यातला हा किल्ला तसा लहानच. गोष्ट सांगत फेरी घातली तर गोष्ट संपायच्या आत फेरी संपते.

डोक्यावरून एक विमान दिवे लुकलुकवत मोपाच्या पठाराकडे उतरतं. ते गेलं की उरतात रातकिडे.

काळोख होऊ द्या. पश्चिमेला आधी शुक्र दिसेल, मग त्याच्या वर गुरू. गुरूजवळ पुनर्वसूचे दोन तारे. तिथून नजर वर मघा नक्षत्राकडे न्यायला लागलात की मध्ये एक रिकामी जागा लागते. ती कर्क रास. तिच्यात डोळ्यांत भरेल असा एकही तारा नाही. त्या रिकाम्या जागेत आत्ता वरुण आहे.

दिसणार नाही. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून तो काही लाख पटींनी मंद आहे. पण आज रात्री तुमचं वाहन तोच.

वरुण म्हटलं की मराठी शाळेत भूगोल शिकलेल्या माणसाला नेपच्यून आठवतो. युरेनसला आपण हर्षल म्हणालो, नेपच्यूनला वरुण. हा तो नव्हे. नेपच्यूनच्याही पलीकडे बर्फाळ गोळ्यांचा एक पट्टा आहे, कायपरचा पट्टा. त्यातला हा एक लघुग्रह, अनुक्रमांक २००००. सरासरी व्यास पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर धावते. वरुणाच्या पोटातून आरपार बोगदा काढला तर तो तिच्यापेक्षा थोडा आखूडच भरेल. आकार मात्र नारळासारखा नाही, फणसासारखा लांबट. सहा तास वीस मिनिटांत तो स्वतःभोवती एक गिरकी घेतो, त्या गरगरण्यानंच तो ताणला गेला असावा. रंग तांबूस, डिचोलीच्या मातीची आठवण यावी असा. घनतेचा अंदाज पाण्याच्या जवळपास येतो, म्हणजे पाण्याच्या देवाचं नाव त्याला शोभतं तरी.

सूर्याभोवती त्याची एक फेरी सुमारे २८० वर्षांची. २०२६ मधून २८० वजा करा. येतं १७४६. त्या वर्षी, याच तारखेला, ५ मे रोजी, पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. तेव्हा वरुण आकाशात जवळपास इथेच होता. हिशेबात दोन-तीन वर्षं इकडची तिकडे होतील, त्यावरून पंचांगकर्ते खुशाल भांडोत. आपण त्याचा पाडवा त्या रात्री धरू. तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा काळ म्हणजे त्याचं एक वर्ष, आणि तुम्ही उभे आहात त्याच्या फाल्गुन अमावास्येला.

या वर्षाचे बारा महिने पाडलेत तर एकेक महिना २३ वर्षं ४ महिन्यांचा होतो. ३६५ दिवस पाडलेत तर एकेक दिवस आपल्या २८० दिवसांचा. म्हणजे नऊ महिने नऊ दिवस, आईच्या पोटात मूल राहतं तेवढा. तुम्ही जन्मलात त्याला त्याच्या लेखी किती दिवस झाले, ते बोटांवर मोजून बघा. साठीचा माणूस अजून अडीच महिन्यांचं लेकरू ठरतो.

प्रवासाची तयारी काही नको. चिऱ्यावरचा हात उचलू नका आणि नजर कर्केतच ठेवा. वरुण पश्चिमेकडे सरकायला लागेल. कर्केतून मिथुनेत, मिथुनेतून वृषभेत, उलटा. एक नियम तेवढा पाळायचा: ज्यांच्यात जाल त्यांना पुढचं सांगायचं नाही.

फाल्गुन

पहिली मागे ओढली जातात ती विमानं. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याच्याही मागे गेलात की धावपट्टी मिटते, दगडधोंड्यांचं पठार परत येतं, त्यावर गुरं चरायला लागतात.

दक्षिणेला डिचोलीच्या बाजूला वेगळाच खेळ. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि त्याआधी २०१२ मध्येही खाणी बंद पडल्या होत्या. तुम्ही उलटे चालला आहात, म्हणून बंद खाणी सुरू होतात, पुन्हा बंद होतात, पुन्हा सुरू होतात. खड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी नाहीसं होऊन तिथे यंत्रं उभी राहतात.

वाटेत १९ फेब्रुवारी २०१०. ब्राझीलमधल्या सां लुईस शहरातून बघताना वरुण एका दूरच्या ताऱ्याच्या आड आला आणि तारा मिनिटभरापेक्षा थोडा कमी वेळ विझला. विझला किती वेळ यावरून सावलीची लांबी निघाली: हजार किलोमीटरच्या आसपास. लांबट फणसाचा पुरावा तो हा. एवढ्या लांबच्या गोष्टीचं माप घ्यायचं तर असंच घ्यावं लागतं, ती दिव्यापुढून कधी जाते याची वाट बघत.

माघ वद्य

थांबा. २८ नोव्हेंबर २०००.

डिचोलीजवळच्या रस्त्यावर भर दुपारी तुम्ही उतरलात. खनिजाचे ट्रक एकामागून एक मांडवीकाठच्या धक्क्यांकडे चाललेत. काजूची पानं लाल, कुंपणावरचे कपडे लाल, तुमच्या ओठांवरही धुळीचा थर. चाटलात तर लोखंडाची चव लागते. ही धूळ साधी नाही. भूगर्भशास्त्रज्ञ गोव्यातल्या खडकांच्या एका थराला डिचोलीचंच नाव देतात. लोखंडाचे पट्टेवाले हे खडक समुद्राच्या तळाशी साचले, त्याला अडीच अब्ज वर्षांहून अधिक काळ लोटला. तुमच्या ओठांवर समुद्र आहे, फार जुना.

याच सुमारास ॲरिझोनात रात्र आहे. किट पीक नावाच्या डोंगरावर ०.९ मीटरची दुर्बीण मिथुन राशीकडे वळलेली. स्पेसवॉच प्रकल्पाच्या छायाचित्रांत एक ठिपका इतका सावकाश सरकतोय की संगणकाच्या लक्षातच आला नाही. रॉबर्ट मॅकमिलन यांनी चित्रं एकामागून एक डोळ्यांसमोर धरली तेव्हा तो सापडला. खाणीत जसा जुना कामगार खड्याच्या वजनावरून माल ओळखतो, तसा माणसाच्या नजरेनं.

तो डोंगर तोहोनो ओ'ओधाम या मूळनिवासी लोकांच्या जमिनीत आहे. त्यांच्यासाठी तो पवित्र. वेधशाळेसाठी जागा मागायला आलेल्या खगोलशास्त्रज्ञांना त्यांनी नाव दिलं होतं: लांब डोळ्यांची माणसं. हे नाव लक्षात राहू द्या, परतताना लागेल.

पुढल्या वर्षी ठिपक्याला वरुण हे वैदिक देवाचं नाव मिळालं. तेव्हा तो पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या गोळ्यांपैकी एक वाटत होता, म्हणून २०००० हा गोल आकडा त्याला दिला गेला. त्याच्या स्वतःच्या पंचांगानं बघाल तर या बारशाला अजून पाच आठवडेही झालेले नाहीत. साडेचार अब्ज वर्षांचं वय, आणि नाव जेमतेम महिन्याचं.

पौष, मार्गशीर्ष

पौषातले पहिले आठ दिवस संपतात तिथे डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरतं आणि पेडणे, डिचोली, सत्तरी सगळं मोकळं होतं. तुम्ही उलटे जाता म्हणून तुमच्या डोळ्यांदेखत तिरंगा उतरतो. हे बघणं सोपं नाही. नजर कर्केत ठेवा म्हटलं होतं, ते यासाठीच. पण कर्क केव्हाच मागे पडली, वरुण आता मेषेत आहे.

मार्गशीर्षाच्या अगदी अखेरीस, अमावास्येच्या सुमारास, तुम्ही पत्रादेवीला उतरता. १५ ऑगस्ट १९५५. बांद्याकडून येणारा रस्ता, पावसानं चिकट झालेली वाट, हातात झेंडे आणि तोंडात घोषणा घेऊन सरहद्दीकडे चाललेले सत्याग्रही. शस्त्र एकाच्याही हातात नाही. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. पंजाबातल्या इसडू गावचे कर्नेल सिंग इथे पडले. आज जिथे स्मारक आहे तिथे आत्ता फक्त ओली माती आहे. तुम्ही बाजूच्या झाडाखाली उभे राहता आणि पाऊस थांबायची वाट बघता. तो थांबत नाही.

त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर आकाशाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेतले जात होते. त्यातल्या एका काचेवर वरुण उमटला. बाकीच्या हजारो ठिपक्यांतला एक. तो कोण, हे कुणी विचारलं नाही. २००० मध्ये शोध लागल्यावर जुन्या काचा धुंडाळल्या तेव्हा तो सापडला. चाळीसहून अधिक वर्षं पुरावा कपाटात पडून होता.

सरहद्दीवरच्या या रस्त्यासाठीही हे खरं आहे. घडतं तेव्हा ते कुठेतरी उमटतं. वाचणारा यायला वेळ लागतो.

कार्तिक

१९२८ च्या सुमारास वरुण सूर्याच्या सर्वांत जवळ आला. त्याच्या वर्षातला हाच काय तो उन्हाळा म्हणायचा. जवळ म्हणजे किती? पृथ्वी-सूर्य अंतराच्या चाळीसपट. थंडी उणे २३० अंशांच्या आसपास. तुम्ही क्षणभर तिथे उतरलात तर सूर्य टिकलीएवढाही दिसणार नाही, टोचणारा एक ठिपका दिसेल. तरी पायाखालचं दिसेल. पृथ्वीवरच्या पौर्णिमेच्या दोनशेपट उजेड, म्हणजे पोथी वाचता येईल एवढा. पोथीचं पान उलटायला मात्र बोटं उरणार नाहीत.

खाली गोव्यात त्याच १९२८ मध्ये त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्य गोवा काँग्रेस कमिटीची स्थापना करतायत. पेडण्याच्या बाजारात अजून रुपियाच चालतो, सोळा टांग्यांचा एक. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९३० मध्ये, फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडणार आहे. वरुण त्याच पट्ट्यात, मीन राशीत, निवांत.

इथे थांबायचं कारण नाही. रॉकेलच्या दिव्याचा वास नाकात घ्या आणि चला.

श्रावण

१८४६. बर्लिनमध्ये योहान गाले यांना नेपच्यून दिसला, ल व्हेरिए यांनी गणितानं सांगितलेल्या जागेच्या अगदी शेजारी. पुढे मराठीत त्याचं नाव वरुण होणार. वरुण नावाचा खरा धनी त्या वेळी त्याच्याही पलीकडे होता, विनानाव.

आषाढाच्या अमावास्येला एक बातमी ऐकून घ्या, अर्थ नंतर कळेल. १८३९ मध्ये लिस्बनमध्ये एक वृद्ध कवयित्री वारली. लोक तिला आलोर्नाची मार्केझा म्हणत.

वैशाख

१७८१. दोन माणसं, दोन गावं.

इंग्लंडातल्या बाथ गावी १३ मार्चला विल्यम हर्शेल यांना घराच्या बागेतल्या दुर्बिणीतून एक नवा ग्रह दिसला. माणसाच्या ज्ञात इतिहासात पहिल्यांदाच शनीच्या पलीकडचा ग्रह कुणीतरी ओळखला. सूर्यमालेची हद्द एका रात्रीत दुप्पट झाली. मराठी माणसानं त्या ग्रहाला शोधणाऱ्याचंच नाव दिलं, हर्षल, आणि आपल्या पत्रिकांत बसवून टाकलं.

त्याच १७८१ मध्ये पोर्तुगीजांची हद्दही वाढली. डिचोली आणि साखळी त्यांच्याकडे गेली. तुम्ही डिचोलीच्या बाजारात उभे आहात आणि लोक पुड्या बांधताना दबक्या आवाजात बोलतायत. दोनच वर्षांत, १७८३ मध्ये, पेडणंही गेलं. १७८८ च्या तहानं त्यावर शिक्का बसला. या सगळ्या प्रदेशाला पोर्तुगीजांनी दिलेलं नाव मराठीत झालं: नव्या काबिजादी. नवं जिंकलेलं. गोव्याच्या मराठीत तो शब्द असा मुरला की आजही म्हातारी माणसं तो उच्चारतात, आणि तो परका आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

गणित मांडलं तर त्याच १७८८ च्या आसपास वरुण सूर्यापासून सर्वांत लांब, कन्या राशीच्या बाजूला असणार. नव्या काबिजादींचं नवेपण तिथून मोजा. १७८३ ते १९६१ म्हणजे १७८ वर्षं. वरुणाचे साडेसात महिने. मूल जन्मायलाही याहून जास्त महिने लागतात. इतक्यात एक राज्य आलं, त्यानं कागद केले, देवळं-चर्चं मोजली, जमिनींच्या नोंदी केल्या, आणि गेलं. पुढचं सगळं, आपलं सगळं, पावणेतीन महिन्यांचं.

अजून एक पान उरलंय.

चैत्र: पाडवा

४ मे १७४६. रात्र.

तळहाताखालचा चिरा तोच आहे. ऊबही तीच. तुम्ही डोळे उघडता तेव्हा किल्ला उजळलेला आहे, दिव्यांनी नव्हे, चांदण्यानं. पंचांगाचा हिशेब केला तर ही वैशाखी पौर्णिमेच्या आसपासची रात्र. पूर्वेला विशाखाच्या बाजूनं चंद्र वर चढलाय आणि शापोरेचं पात्र कुणीतरी कथलाचा पत्रा अंथरल्यासारखं पांढरं झालंय.

किल्ला भोसल्यांचा आहे. सावंतवाडीच्या गादीवर रामचंद्र सावंत आहेत, आणि कारभारात व लढाईत त्यांचे चुलते जयराम सावंत. गेली काही वर्षं भोसले आणि फिरंगी यांचं जमिनीवरून, खंडणीवरून, बारदेशातल्या चढायांवरून अखंड चाललंय. अजून डिचोली भोसल्यांची. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं केलं, त्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं झालीत. ज्यांच्या आजोबांनी ते बांधकाम पाहिलं अशी माणसं अजून हिंडती-फिरती आहेत.

बुरजाजवळ एक म्हातारा शिपाई बसलाय. समोर निखारे, त्यावर खारा बांगडा. मडक्यात पेज. मिठाबरोबर दोन हिरव्या मिरच्या. मिरची आणि काजू दोन्ही फिरंग्यांच्या गलबतांतून आले, तोफांच्या कितीतरी आधी. या किल्ल्यात ते केव्हाच शिरले, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

"तुमी खंयचे?" तो विचारतो.

"पेडण्याचे," तुम्ही म्हणता. खोटं नाही.

तो बांगडा मोडतो, अर्धा पुढे करतो. काटा नीट काढा, चांदण्यात दिसत नाही. पेजेत बुडवून खाल्लात की धूर, मीठ आणि भात एकदम जिभेवर येतात. पेज अजून गरम आहे. म्हातारा खाताना बोलत नाही. त्याच्या पायाच्या टाचा भेगाळल्यात, आणि भेगांत भरलेली माती लाल आहे. अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा समुद्र त्याच्याही टाचेत.

उद्या काय होणार हे तुम्हाला माहीत आहे. नियम आठवा.

"आजा," तुम्ही काहीतरी बोलायचं म्हणून विचारता, "वरुण खंय आसा?"

तो हसतो. असला प्रश्न पोरं विचारतात. दिशांचे राखणदार त्याला तोंडपाठ आहेत: पूर्वेला इंद्र, दक्षिणेला यम, उत्तरेला कुबेर, आणि पश्चिमेला वरुण. मांद्र्या-हरमलच्या पलीकडे समुद्र, समुद्राच्या पलीकडे तो. तो जेवता हात तसाच वर करून पश्चिमेकडे बोट दाखवतो.

"थंय."

तुम्ही त्या बोटाच्या रोखानं बघता. रात्र बरीच वर आलीय. पश्चिमेच्या क्षितिजाकडे पुनर्वसूचे दोन तारे मावळायला टेकलेत आणि त्यांच्या मागोमाग चांदण्यात पुसून गेलेली कर्क रास उतरतेय. बोट थेट तिच्यावर. त्या रिकाम्या जागेत, एकोणिसाव्या, विसाव्या, एकविसाव्या शतकाच्या अलीकडे, कुठल्याही दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर, लांबट तांबूस बर्फाचा एक गोळा गरगरतोय. त्याचं नाव काय, हे अडीचशे वर्षांनी ठरणार आहे. म्हाताऱ्यानं दिशा मात्र आत्ताच बरोबर सांगितली.

आणखी एक हिशेब. संध्याकाळी हरमलच्या समुद्रात सूर्य बुडताना त्याच्यापासून निघालेला उजेड वरुणापर्यंत पोचायला सहा तास लागतात. म्हणजे म्हातारा बोट दाखवतोय साधारण त्याच वेळी तो उजेड तिथे आपटतोय. परत यायला आणखी सहा तास. तोवर हळर्णात पहाट होऊन कर्क क्षितिजाखाली गेलेली असेल. तो थकलेला उजेड या किल्ल्यावर पडणारच नाही. तो पडेल पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, जिथे तेव्हा संध्याकाळ असेल. लांब डोळ्यांची माणसं जिथे अजून यायची आहेत, त्या डोंगराच्या बाजूला.

निखारे विझत आलेत. म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठतो, खांद्यावरची घोंगडी सारखी करतो, तटाच्या कडेनं चालायला लागतो. तुम्हाला त्याला हाक मारावीशी वाटते. मारू नका.

परत

५ मे १७४६ ला किल्ला पडला. विजय मिळवणारे व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा तेव्हा कास्तेल-नोव्हूचे मार्किस होते. पोर्तुगालच्या राजानं त्यांना १७४८ मध्ये नवा किताब दिला: मार्किस द आलोर्ना. पोर्तुगीजांच्या जिभेवर हळर्णचं आलोर्ना झालं होतं. शापोरेकाठच्या गावाचं नाव गलबतात बसून लिस्बनला गेलं आणि एका सरदार घराण्याच्या किताबात शिरलं. आषाढात जिच्या मृत्यूची बातमी ऐकलीत ती कवयित्री, लेओनोर द आल्मेदा, या विजेत्याचीच नात. पोर्तुगीज साहित्यात तिचं स्थान मोठं आहे. तिच्या नावातून पेडण्यातलं एक गाव आजही उच्चारलं जातं, उच्चारणाऱ्याला ते कुठे आहे हे माहीत नसलं तरी.

किल्ला मात्र टिकला नाही त्यांच्याकडे. १७६१ मध्ये हळर्ण आणि डिचोली भोसल्यांना परत मिळाली, पुढे दोन दशकांनी पुन्हा गेली. हे सगळं वरुणाच्या चैत्र-वैशाखात उरकलं. आलोर्ना हे नाव लिस्बनमध्ये राहिलं. चिरे इथेच राहिले.

हे सांगायचं होतं. जिंकणारा नाव घेऊन जातो, शोधणारा नाव देऊन जातो. दोघांच्याही वाटेवर आधीच एखादी जागा असते, तिचं स्वतःचं वर्ष चालू असतं. नवी काबिजाद म्हणा, नवा लघुग्रह म्हणा; तिथल्या मातीला, तिथल्या बर्फाला, ते नवेपण लागू होत नाही. फार तर महिना-दोन महिने चिकटतं.

चैत्रापासून फाल्गुनापर्यंत पानं आता सुलटी फडफडतात. डिचोली, बाथ, बर्लिन, पत्रादेवीचा पाऊस, किट पीकची रात्र, मोपाचे दिवे. तुम्ही परत ५ मे २०२६ च्या रात्रीत. तटावर हात तसाच. चिरा आता गार पडलाय. मधल्या वेळेत, म्हणजे आपल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, तो गार झाला.

शुक्र केव्हाच बुडाला. गुरू मावळतीला टेकलाय आणि पूर्वेला उशिराचा चंद्र उगवलाय. खाली वाटेवर कुणाच्या तरी मोबाइलचा उजेड हलतो. गावातला एक मुलगा वर येतो, तुम्हाला एकटं बसलेलं बघून थांबतो. इतक्या रात्री आकाशात काय बघताय, विचारतो.

वरुण, तुम्ही म्हणता.

"खंय?"

आणि कर्क क्षितिजाला टेकता टेकता, तुमचाही हात वर जातो.

"थंय."